चाळीस टीबी डेटा क्लाउडवर नेताना : सगळे पोहोचले हे कशावरून?

जलसेतू (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या व्यवसायाचा सगळा डेटा स्वतःच्या सर्व्हर-रूममधून क्लाउडवर नेण्याचा निर्णय झाला असून तांत्रिक जबाबदारी माझ्याकडे आली आहे. एकूण आकार साधारण ४० टीबी आहे. त्यातला ६ टीबी ओरॅकल डेटाबेसमध्ये असून तो पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत न्यायचा आहे. उरलेला ३४ टीबी म्हणजे विंडोज फाइल सर्व्हरवर साठलेली स्कॅन केलेली बिले, करार आणि पोचपावत्या. त्यांची संख्या सुमारे ९ कोटी आहे. या फायली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडमधील फायलींच्या साठ्यात) जातील. काम पूर्ण बंद ठेवण्यासाठी शनिवारी रात्री दहापासून सोमवारी पहाटे चारपर्यंत, म्हणजे एकूण ३० तास मिळणार आहेत.

लाइन ५०० एमबीपीएसची आहे. कागदावर ती सेकंदाला ६२.५ एमबी, म्हणजे दिवसाला ५.४ टीबी वाहून नेते. त्यामुळे फायली आधीच्या आठवड्यांत हळूहळू पाठवाव्यात आणि बंदच्या ३० तासांत फक्त डेटाबेस हलवावा, असा माझा बेत होता. पण दोन दिवसांच्या चाचणीत दिवसाला जेमतेम ०.८ टीबी सरकला. लाइनचा वापर पाहिला तर पंधरा टक्क्यांच्या वर गेलेलाच नव्हता. फायली पाठवायला मी स्वतः लिहिलेली साधी स्क्रिप्ट वापरली होती.

वेग का मिळत नाही आणि क्लाउड पुरवठादाराकडून डेटा भरून परत पाठवायची डिस्कची पेटी मागवावी का, हे माझे पहिले दोन प्रश्न. तिसरा प्रश्न वरिष्ठांचा आहे : सगळे पोहोचले हे तुम्ही कशावरून सांगणार? सध्या माझ्याकडे 'साधन यशस्वी म्हणून दाखवते' यापलीकडे उत्तर नाही, आणि ते देताना माझाच आवाज बसतो.

रात्रपाळी

३४ टीबीला ९ कोटींनी भागले तर एक फाइल सरासरी ३८० केबीच्या आसपास येते. तुमची स्क्रिप्ट बहुधा एक फाइल पाठवते, पलीकडून पोच येईपर्यंत थांबते आणि मग दुसरी उचलते. एका फेरीला ४० मिलिसेकंद धरले तर दिवसाला २१ लाख ६० हजार फायली होतात आणि त्यांचा आकार ०.८ टीबीच भरतो. म्हणजे तुमचा आकडा लाइनचा नाही, वाट पाहण्याचा आहे. याच गतीने ९ कोटी फायलींना ४२ दिवस लागतील, आणि लाइन दुप्पट करून घेतली तरी त्यातले फारसे दिवस वाचणार नाहीत.

एका वेळी ३२ ते ६४ फायली समांतर पाठवा. फायली पाठवणाऱ्या आरक्लोनसारख्या तयार साधनातही मूळ सेटिंग एका वेळी ४ फायलींचेच असते, ते वाढवावे लागते. मात्र असे समांतर धागे (एकाच वेळी चालणाऱ्या पाठवण्या) वाढवताना जुन्या फाइल सर्व्हरच्या डिस्ककडे लक्ष ठेवा. फिरत्या डिस्कवर विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना सगळ्यात आधी दम लागतो तो तिलाच, आणि त्याच डिस्कवर दिवसा तुमचे सहकारी काम करत असतात.

'काय उरले आहे' हे पाहण्यासाठी दर वेळी दोन्हीकडची यादी जुळवत बसू नका. ॲमेझॉनचे एस३ हे ऑब्जेक्ट स्टोरेज एका विनंतीत जास्तीत जास्त १,००० नावे देते, म्हणजे ९ कोटींची नुसती यादी मागवायलाच ९०,००० विनंत्या होतात. एकदाच पूर्ण यादी करून ती एका टेबलात ठेवा आणि त्यात मार्ग, आकार, फाइल बदलल्याची तारीख, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) आणि सद्यस्थिती असे रकाने ठेवा. पुढे सगळे काम त्या टेबलावरून चालवा.

डेटाबेसची मोठी डम्प फाइल (सगळ्या मजकुराची एकत्र प्रत) पाठवण्याचा विचार असेल तर एक मर्यादा ध्यानात असू द्या. एस३ मध्ये मोठी फाइल तुकड्यांनी चढते आणि तुकडे १०,००० पेक्षा जास्त चालत नाहीत. ८ एमबीचा तुकडा धरला तर ८० जीबीला रस्ता संपतो. चांगली साधने तुकडा आपोआप मोठा करतात. घरी लिहिलेली स्क्रिप्ट मात्र ८० जीबी चढवून झाल्यावर मान टाकते. अर्धवट राहिलेले तुकडे बकेटच्या (एस३ मधील फायलींच्या साठ्याच्या) यादीत दिसत नाहीत पण बिलात दिसतात, म्हणून ते ठरावीक दिवसांनी पुसणारा नियम पहिल्याच दिवशी लावून ठेवा.

दोरखंड

पेटीबद्दल. लाइनच्या साठ टक्के वापर मिळाला तर दिवसाला ३.२ टीबी, म्हणजे ३४ टीबीला साधारण साडेदहा दिवस लागतील. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या मूळ डेटा बॉक्समध्येही वापरण्याजोगी जागा ८० टीबी होती, त्यामुळे तुमचा सगळा माल एका पेटीत मावेल हे खरे आहे. पण मागणी, पेटी येणे, भरणे, परत जाणे आणि तिकडे उतरवणे असे सगळ्या टप्प्यांचे दिवस मोजा. शिवाय पेटी भरतानाही त्या ९ कोटी फायली त्याच जुन्या डिस्कवरून वाचायच्या आहेत. पेटीने लाइनची अडचण सुटते आणि तुमची अडचण लाइनची नाही.

हाच डेटा एक पेटाबाइट असता तर तुमच्या लाइनला पूर्ण क्षमतेने १८५ दिवस लागले असते, आणि मग मी पहिल्या वाक्यातच पेटी सुचवली असती. ॲमेझॉनने २०१६ मध्ये याच हिशेबावर ४५ फुटी कंटेनर ट्रकवर चढवला होता. स्नोमोबाइल नावाच्या त्या कंटेनरमध्ये १०० पेटाबाइट मावत, आणि २०२४ मध्ये ती सेवा मागे घेण्यात आली.

तपासनीस

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक ठिकाणी तो शेवटी विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. साधनाने तक्रार केली नाही याचा अर्थ फक्त एवढाच की जे साधनाला दिसले त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधील कोविड रुग्णांच्या नोंदींतून १५,८४१ नोंदी गळाल्याचे उघड झाले. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, हे त्यामागचे कारण होते. पुढच्या ओळी बाहेर राहिल्या आणि फाइल मात्र व्यवस्थित उघडत राहिली.

फायलींच्या बाबतीत चेकसम मूळ जागीच, पाठवण्यापूर्वी काढा. एस३ प्रत्येक फाइलला जोडते तो ईटॅग म्हणजे फाइलचा एमडी५ (चेकसमचा एक प्रकार) असे समजून पुष्कळजण फसतात. तुकड्यांनी चढवलेल्या फाइलचा ईटॅग हा तुकड्यांच्या एमडी५वरून काढलेला वेगळाच आकडा असतो आणि त्याच्या शेवटी आडवी रेघ व तुकड्यांची संख्या असते. तो तुमच्या एमडी५शी जुळणार नाही, आणि कोणीतरी घाबरून सगळ्या मोठ्या फायली पुन्हा पाठवायला घेईल.

डेटाबेसच्या बाबतीत ओळींची संख्या जुळणे ही सर्वांत कच्ची पडताळणी आहे. ओळ पोहोचली तरी तिच्यातला मजकूर कापला गेलेला असू शकतो. ॲमेझॉनच्या डीएमएस या डेटाबेस हलवणाऱ्या सेवेत मोठ्या मजकुराच्या रकान्यांसाठी 'मर्यादित' पद्धत निवडली तर मूळ सेटिंगमध्ये ३२ केबीपुढचा भाग कापला जातो. लॉगमध्ये सूचना उमटते, पण काम यशस्वी ठरते आणि ओळींची संख्या तंतोतंत जुळते. म्हणून प्रत्येक मोठ्या रकान्याची कमाल लांबी दोन्हीकडे काढून पाहा. नव्या बाजूला ती संशयास्पद रीत्या गोल, म्हणजे नेमकी मर्यादेइतकी आली तर काहीतरी कापले गेले आहे, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

त्यापुढे महिनावार बेरजा घ्या : प्रत्येक महिन्यातील व्यवहारांची संख्या, रकमांची बेरीज, प्रत्येक रकान्यातील रिकाम्या जागांची संख्या. संपूर्ण ओळीचा हॅश (चेकसमसारखा आकडा) काढून जुळवणार असाल तर आधी मजकूर एकसारखा करून घ्या. तीच रक्कम ओरॅकल १.५ अशी लिहितो आणि दोन दशांश ठरवलेला पोस्टग्रेसचा रकाना १.५० अशी. दोन्ही बरोबर आहेत, हॅश मात्र लाखो ओळींत चुकेल आणि खऱ्या चुका त्या ढिगाखाली गाडल्या जातील.

शेवटची गोष्ट डेटाची नाही, अर्थाची आहे. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि नल ('काहीच नोंदलेले नाही' अशी खूण) एकच मानले जातात. पोस्टग्रेसमध्ये ते वेगळे आहेत. ओरॅकलमध्ये मजकुराला नल जोडले तर मजकूर तसाच राहतो, पोस्टग्रेसमध्ये जोडण्याच्या त्याच दोन उभ्या रेघांनी (||) जोडले तर सगळेच नल होते. तुमचे बिल पत्त्याच्या तीन ओळी अशा जोडून छापत असेल आणि एखाद्या ग्राहकाची दुसरी ओळ रिकामी असेल, तर नव्या प्रणालीत त्याचा पूर्ण पत्ता नाहीसा होईल. डेटा मात्र शंभर टक्के जुळलेला असेल. म्हणून मागच्या वर्षाच्या एका महिन्याची अहवालांची आणि बिलांची छपाई दोन्ही प्रणालींवर करून ती व्यवसायातल्या माणसाच्या हातात द्या. ती तपासणी आपण तंत्रज्ञांनी करू नये, कारण आपल्याला काय दिसायला हवे ते आधीच ठाऊक असते आणि तेच आपल्याला दिसते.

बाकीशून्य

डेटाबेससाठी ३० तासांवर विसंबू नका. पूर्ण प्रत आधी घ्या आणि त्यानंतरचे बदल ओरॅकलच्या रीडू लॉगमधून (प्रत्येक बदलाच्या नोंदवहीतून) सतत नव्या बाजूला वाहते ठेवा. बंदच्या वेळेत फक्त शेवटचे थेंब उतरायचे राहतील. त्यासाठी मूळ डेटाबेसवर सप्लिमेंटल लॉगिंग (त्या नोंदवहीत जादा तपशील लिहिणे) चालू हवे, आणि पहिली प्रत चालू असताना रात्रीच्या सफाईच्या कामाने जुने आर्काइव्ह लॉग (त्या नोंदवहीच्या जपलेल्या प्रती) पुसता कामा नयेत. हे दुसरे हमखास विसरले जाते, कारण ती सफाई अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी लावलेली असते आणि ती आहे हे कोणाच्याच लक्षात नसते. प्राथमिक कळ (प्रत्येक ओळ वेगळी ओळखण्याचा रकाना) नसलेल्या टेबलांची यादीही आताच काढा. त्यांच्यातला बदल नेमका कोणत्या ओळीवर करायचा हे साधनाला खात्रीने ठरवता येत नाही.

पहिली प्रत उतरताना नव्या बाजूचे ट्रिगर (नोंद पडताच आपोआप चालणारे आदेश) आणि फॉरेन की (टेबलांमधील दुव्यांचे नियम) बंद ठेवा. ट्रिगर चालू राहिले तर ज्या नोंदी मुळात ट्रिगरनेच तयार केलेल्या होत्या त्या एकदा प्रतीतून आणि एकदा नव्या ट्रिगरमधून अशा दोनदा पडतील. प्रत पूर्ण झाल्यावर इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) बांधा आणि ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारा आदेश) चालवा. सिक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारी मोजणी) पुढे सरकवायला विसरू नका. अशी साधने टेबलातल्या ओळी नेतात, पण पुढचा क्रमांक कोणता द्यायचा हे त्यांच्याबरोबर जात नाही. मग सोमवारी सकाळी पहिले बिल क्रमांक १ मागते आणि डुप्लिकेट कीची चूक येते.

परतीच्या वाटेबद्दल धाग्यात अजून कोणी लिहिलेले नाही. नव्या प्रणालीत पहिला व्यवहार नोंदला गेला की जुना डेटाबेस शिळा झाला. त्यानंतर परत यायचे असेल तर उलट दिशेनेही बदल वाहते हवेत, आणि ते दिसते तितके सरळ नाही. ओरॅकलमधील मजकुराच्या रकान्याची लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटांत मोजली जाते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे १०० च्या रकान्यात ३३ चिन्हेच मावतात. पोस्टग्रेसमध्ये तोच १०० चा रकाना १०० चिन्हांचा असतो. जाताना काहीच अडणार नाही. पण नव्या प्रणालीत कोणी लांब नाव लिहिले की ती ओळ परतीच्या वाटेवर अडेल.

म्हणून परतीचा निर्णय कोणी, कोणत्या वेळी आणि कशावरून घ्यायचा हे आधी कागदावर लिहा. रविवारी दुपारी दोनपर्यंत ठरलेल्या तपासण्या पूर्ण झाल्या नाहीत तर परत फिरायचे, असा काटा असला पाहिजे. रात्रभर जागलेली माणसे 'आता थोडेच राहिले आहे' असे म्हणत राहतात.

आणि रंगीत तालीम पूर्ण भार टाकून करा. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार नव्या प्रणालीवर नेला. नियामकांच्या म्हणण्याप्रमाणे डेटा स्वतः नीट पोहोचला होता, पण प्रणाली लगेच कोलमडली. सेवा पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. तपासनीस यांच्या यादीतील प्रत्येक आकडा जुळूनही असे होऊ शकते.

जलसेतू

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे.

रात्रपाळी यांचे निदान अचूक निघाले. ४८ समांतर धागे लावल्यावर रात्री लाइन भरून वाहू लागली. दिवसा धागे आठवर आणले, कारण पहिल्याच दुपारी फाइल सर्व्हर मंदावल्याचे तीन फोन आले. एकूण १३ दिवसांत फायली पोहोचल्या, पेटी मागवली नाही. चेकसम सगळे जुळले आणि मी समाधानाने तसा अहवालही लिहिला.

त्यानंतर तपासनीस यांच्या सांगण्याप्रमाणे लेखा विभागातील सहकारी बाईंना बसवले. त्यांनी स्वतःच्या जुन्या वहीतून दोनशे बिले निवडली आणि चाचणी प्रणालीत एकेक उघडू लागल्या. सात उघडली नाहीत. मी आधी त्यांनाच क्रमांक पुन्हा पाहायला सांगितले, याची आता लाज वाटते. फायली बकेटमध्ये होत्या, आकार बरोबर होता, चेकसमही बरोबर होता. तासाभराने डोळ्यांत भरले की डेटाबेसमधील मार्गात फाइलच्या नावाची शेवटची इंग्रजी अक्षरे लहान होती आणि प्रत्यक्ष फाइलच्या नावात मोठी. विंडोजला इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, म्हणून इतकी वर्षे कोणाला काही कळले नव्हते. ऑब्जेक्ट स्टोरेजसाठी ती दोन वेगळी नावे आहेत. एका जुन्या स्कॅनरने काही वर्षे सगळी नावे मोठ्या अक्षरांत लिहिली होती, आणि नोंद करणारी प्रणाली लहान अक्षरांत लिहीत होती.

सगळी नावे लहान अक्षरांत करून टाकली. विंडोजच्या एका फोल्डरमध्ये केवळ लहान-मोठ्या अक्षरांनी वेगळ्या अशा दोन फायली सहसा नसतात, तरी यादीच्या टेबलावरून टक्कर होत नाही ना हे आधी तपासले. एकही सापडली नाही. मात्र मूळ नाव वेगळ्या रकान्यात जपून ठेवले आहे.

रात्रपाळी

फार चांगले केलेत. आणखी एक पाहा : ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये फाइलची 'बदलल्याची तारीख' म्हणजे ती चढवल्याची तारीख होते. अमुक वर्षांनी फाइल पुसायची असा नियम बकेटवर लावला असेल तर त्याची मोजणी आजपासून सुरू होईल. मूळ तारीख यादीच्या टेबलात आहेच, ती फाइलच्या मेटाडेटातही (फाइलसोबत ठेवलेल्या माहितीतही) घाला.

दोरखंड

आणि स्वस्त वर्गात सगळ्या फायली ढकलायची घाई करू नका. एस३ च्या क्वचित-वापर वर्गात फाइल कितीही छोटी असली तरी किमान १२८ केबीचे भाडे लागते आणि किमान ३० दिवसांचे लागते. तुमची सरासरी ३८० केबी असली तरी सरासरी फसवी असते. पोचपावत्या बहुधा पन्नास केबीच्याही नसतील.

बाहेर पडण्याच्या खर्चाची नोंदही करारात असू द्या. आत येणाऱ्या डेटाला मोठे पुरवठादार सहसा पैसे घेत नाहीत, बाहेर जाणाऱ्याला घेतात. सेवा कायमची सोडणाऱ्या ग्राहकांना २०२४ च्या पहिल्या तिमाहीत गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी ते शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. पण रोजच्या कामात बाहेर जाणाऱ्या डेटाला ती माफी लागू नाही.

जलसेतू

कटओव्हर (नव्या प्रणालीवर प्रत्यक्ष स्थलांतर) झाला. शनिवारी रात्री दहा वाजता ओरॅकल फक्त वाचण्यापुरता ठेवला आणि शेवटचे बदल पावणेअकरापर्यंत उतरले. उरलेला सगळा वेळ पडताळणीत गेला. महिनावार बेरजांमध्ये नव्या बाजूला एका महिन्याची संख्या तीन व्यवहारांनी जास्त आणि पुढच्या महिन्याची तीनने कमी आली. महिन्याच्या शेवटच्या रात्री बारा वाजून गेल्यावर, म्हणजे पुढच्या महिन्याच्या तारखेत नोंदलेले ते व्यवहार होते. नव्या बाजूची बेरीज यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे आणि जुनी स्थानिक वेळेप्रमाणे होत होती. रविवारी दुपारी दोनचा काटा येईपर्यंत ते दुरुस्त करून बेरजा पुन्हा घेतल्या होत्या. पत्त्याच्या ओळी जोडण्याची चूक आमच्याकडेही निघाली, पण ती आधीच्या तालमीतच सापडली होती.

सोमवारी सकाळी बिले निघाली. पहिली तक्रार साडेनऊला आली आणि ती डेटाबेसची नव्हती. तळमजल्यावरचा एक स्कॅनर चालत नव्हता. त्याच्या सेटिंगमध्ये अजून जुन्या फाइल सर्व्हरचा पत्ता होता, आणि तो सर्व्हर आम्ही फक्त वाचण्यापुरता ठेवल्यामुळे स्कॅनर लाल दिवा दाखवत थांबला होता. सर्व्हर लिहिता ठेवला असता तर तो स्कॅनर मुकाट्याने तिथेच लिहीत राहिला असता. स्कॅनरचा पत्ता बदलला आहे. आता आणखी कोणती यंत्रे त्या सर्व्हरकडे पाहत आहेत हे त्याच्या प्रवेश-लॉगमधून काढतो आहे. आतापर्यंत दोन सापडली.